कडुनिंबावरचा कोतवाल आणि मेहकरचा मामा

कोतवाल हा पक्षी मला कधी गोड वाटला नाही, आणि गोड वाटावा असं त्यानं काही केलंही नाही. काळाकुट्ट, तांबड्या डोळ्याचा, मागं कात्रीसारखी दुभंगलेली शेपटी. दुसऱ्या पाखराच्या चोचीतला किडा हिसकावून खाणार, शेळीच्या पाठीवर बसून फुकट फिरणार आणि घरट्यात अंडी असली की झाडाखालून जाणाऱ्या कुणाच्याही डोक्यात टोच मारणार. आमच्या गावी, दुबलगुंडीला, अंगणात एक कडुनिंब होता. त्यावर दर उन्हाळ्यात कोतवालाची एक जोडी यायची, आणि आमच्या मायचा कोंबड्यांचा सगळा कारभार त्या जोडीच्या भरवशावर चालायचा. कोतवालानं बेचक्यात पहिली काडी आणून ठेवलेली दिसली की माय खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायची. त्याच्या आधी नाही, कुणी कितीही सांगो. कारण असं की कोंबडीची पिल्लं अंगणात फिरायला लागायची तेव्हाच वर कोतवालाचीही पिल्लं चोची उघडून बसलेली असायची, आणि त्या दिवसांत तो सगळ्यात जास्त चवताळलेला असायचा. घार असो की शिकरा, आमच्या अंगणावर त्याची सावली पडली की हा त्याच्या पाठीवर बसलाच. घार त्याच्या दहापट मोठी. तरी मान खाली घालून ती निघून जायची.

आमचे आजे-पणजे मेंढरं घेऊन गावोगाव फिरले. माझ्या वेळेपर्यंत पंधरा-वीस मेंढरं उरली होती आणि अप्पा वर्षातले आठ महिने दुसऱ्याच्या रानात मजुरीनं जायचा. घर दोन खोल्यांचं, वर मातीचं माळवद. सकाळी जाग यायची ती मायच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं. तो आवाज ऐकून तिचा राग किती आहे ते मला कळायचं. जेवायला ज्वारीची भाकरी, पुंडीची आंबट भाजी, वर शेंगदाण्याची चटणी. अंडं आम्हाला आजारी पडल्याशिवाय मिळत नसे. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी अक्का मी सांगते त्या वर्षी नववीत होती. तिचं नाव महादेवी, पण घरात तिला सगळेच अक्का म्हणायचे, अप्पासुद्धा. ती शांत होती, अभ्यासात बरी होती, गणितात कच्ची होती. आजकाल आपल्या बहिणीबद्दल लिहिताना लोक ती फार हुशार होती असं लिहितात. आमची अक्का तशी नव्हती. तिला शाळेत जायला आवडायचं, एवढंच.

आमच्या गल्लीत अकरा घरं होती आणि अकराही घरांत कोंबड्या. तिथं एक रीत होती. शिकरा किंवा घार ज्या बाईला पहिल्यांदा दिसेल तिनं ‘हूऽऽय’ करून ताट बडवायचं. ते ऐकलं की पुढच्या घरच्या बाईनं हातातलं काम टाकून बाहेर यायचं, ओरडायचं, ताट वाजवायचं. असं घरामागून घर करत ते पाखरू गावाबाहेर जाईपर्यंत गल्ली उठलेली असायची. भांडण असलेल्या बायकाही यायच्या. दोन वर्षं एकमेकींचं तोंड न बघितलेल्या दोघी शेजारी उभ्या राहून आभाळाकडं बघत शिव्या देताना मी पाहिल्या आहेत. खोटं ओरडणं मात्र माफ नव्हतं. सात वर्षांची असताना मी एकदा गंमत म्हणून ताट वाजवलं होतं. पलीकडच्या महबूबबी खालाची चुलीवरची भाजी करपली. मायनं मला तिच्या दारात नेऊन, तिच्यासमोर दोन थोबाडीत ठेवून दिल्या. उद्या खरा शिकरा आला तर कुणी बाहेर येईल का, एवढंच तिनं विचारलं.

मी पुढं जनावरांच्या दवाखान्यात कामाला लागले आणि आज तीस वर्षं तिथंच आहे. तिथल्या एका डॉक्टरांना पाखरांचं वेड होतं. त्यांना मी विचारलं होतं की एवढीशी पाखरं जिवावर उदार होऊन शिकऱ्याच्या मागं कामून लागतात. लपून बसली तर त्यांचं काय जाईल. डॉक्टर म्हणाले, शिकऱ्याचं सगळं बळ तो कुणाला दिसत नाही यात असतं. पानाआड बसायचं, पाखरू बेसावध झालं की झडप घालायची. एकदा सगळ्यांनी त्याला बघितलं, आरडाओरडा केला, की त्याचा त्या झाडावरचा दिवस फुकट गेला. तो कंटाळून दुसरीकडं जातो. शिवाय लहान पिल्लांना कळतं की ओळखून ठेवायचं तोंड कोणतं. मला ते पटलं. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, ते मला जास्त पटलं. मागं लागणारी पाखरं एकमेकांचे मित्र नसतात. कोतवाल, साळुंकी, बुलबुल, कावळा, एरवी एकमेकांची अंडी फोडणारे, एकमेकांचा घास पळवणारे, तेवढ्यापुरते एक होतात. शिकरा गेला की पुन्हा भांडायला मोकळे.

आता मामाचं सांगते. दत्तूमामा मायचा धाकटा भाऊ, भालकीकडच्या मेहकरचा. त्या वेळी तो सव्वीस-सत्तावीस वर्षांचा असेल. अंगानं आडवा, पांढरी टोपी, मिशीला तेल. आमच्यात मामाचा भाचीवर हक्क असतो. बहिणीला मुलगी झाली की भावानं बाळंतविड्यात हिरवा खण पाठवायचा, मग ती मुलगी त्याची म्हणून राहते. त्याला नको असेल तरच बाहेर द्यायची. अक्का जन्मली तेव्हा मामा बारा वर्षांचा होता आणि त्याच्या नावानं खण आला होता. नंतर दर पंचमीला तो यायचा, अक्काला बांगड्या आणायचा, मला काही आणायचा नाही. अक्का त्याला पाणी द्यायला गेली की तो तांब्या लवकर घ्यायचा नाही. बाकी त्यानं काही केलं असं मी म्हणणार नाही, कारण मी बघितलेलं नाही. पण तो आला की अक्का मेंढरांच्या वाड्यात जाऊन शेण भरत बसायची, आणि शेण भरणं तिला अजिबात आवडायचं नाही.

मायचा या लग्नाला विरोध होता आणि त्याचं कारण ती एकाच वाक्यात सांगायची. तिची थोरली बहीण अशीच तिच्या मामाला दिली होती आणि पंधराव्या वर्षी बाळंतपणात गेली. अप्पाचं म्हणणं, रीत आहे, आपण मोडणारे कोण. अप्पा वाईट नव्हता. चारचौघांत मान खाली जाईल असं काही तो करत नसे, आणि मान कशानं खाली जाते हे त्यानं चारचौघांवरच सोपवलं होतं.

त्या उन्हाळ्यात अक्काची नववीची परीक्षा झाली आणि मामा एकटाच आला. शाळा उघडायच्या आत उरकू, पाऊस लागला की सवड नाही, असं अप्पाशी बोलत ओसरीवर बसला. कोंबडीनं अकरा पिल्लं काढली होती, दहा दिवसांची होती. कडुनिंबावर कोतवालाच्या पिल्लांची चिवचिव सुरू होती. मामा पान थुंकायला झाडाखाली गेला आणि कोतवालानं त्याच्या टोपीवर असा फटका मारला की टोपी खाली पडली. मी हसले. अक्काही हसली. मला वाटतं ती मामासमोर हसली ती तेवढ्या एकाच वेळी. मामानं टोपी उचलून झटकली, आमच्याकडं बघितलं, आणि भिंतीला लावलेली, मेंढरांना पाला पाडायची लांब आकडी घेतली. माय ‘नको, राहू दे’ म्हणत चुलीपासून उठेपर्यंत त्यानं ते वाटीएवढं घरटं ओढून खाली पाडलं होतं. तीन पिल्लं होती, पंख फुटलेली. एक जागीच मेलं. दोन मांजरानं नेली.

“आता निवांत झालं,” असं मामा अक्काकडं बघून म्हणाला आणि हात धुवायला पाणी मागितलं.

मायनं पाणी दिलं. दोन दिवस कोतवालाची जोडी झाडाभोवती ओरडत फिरली आणि मग निघून गेली. तिसऱ्या दिवसापासून शिकरा यायला लागला. तो घारीसारखा वरून घिरट्या घालत येत नाही. कुडाच्या आडून, जमिनीलगत, वाऱ्यासारखा येतो. ताट हातात घेईपर्यंत पिल्लू गेलेलं असतं. पाच दिवसांत अकराची चार पिल्लं उरली. एरवी एक पिल्लू गेलं तरी माय दिवसभर बडबडायची. आता ती डालग्याखाली पिल्लं झाकायची, मोजायची आणि गप्प बसायची. भाकरीचा आवाज मात्र इतका चढला होता की अप्पानं एकदा हळूच विचारलं, परात फोडायलीस का काय.

मामानं निरोप धाडला की शुक्रवारी पाच माणसं घेऊन गूळ खायला येतो. आमच्यात गूळ खाणं म्हणजे शब्द पक्का. मुलीच्या घरचा गूळ पाच पंचांच्या तोंडात गेला की मग मुलगी आजारी पडो, पळून जाओ, मरो, ते घर शब्दाला बांधलेलं. गूळ खाल्ल्यावर फिरलेल्या घराशी कुणी सोयरीक करत नाही, आणि त्या घरात मीही होते. म्हणजे जे काही अडवायचं ते गूळ तोंडात जायच्या आधी. अप्पानं चिटगुप्प्याच्या बाजारातून गुळाची भेली आणली आणि उतरंडीवर ठेवली. अक्कानं त्या आठवड्यात आपली पुस्तकं पिशवीत भरून माझ्याकडं दिली. म्हणाली, तुला होतील. मी घेतली नाहीत. त्यात प्रेम वगैरे नव्हतं, मला तिची पुस्तकं नको होती, कारण त्यात तिनं सगळीकडं शाईनं खुणा करून ठेवल्या होत्या. तिला वाईट वाटलं असावं.

शुक्रवारी सकाळी मायनं मला जर्मनचं ताट दिलं आणि माळवदावर बसायला सांगितलं. मला वाटलं चार पिल्लं राखायला.

“तुजा मामा येशीतून आत आला की ताट वाजव,” ती म्हणाली.

“शिकरा नसला तरी?”

“नसला तरी. जोरात वाजव.”

“खालाची भाजी करपंल.”

“करपू दे.”

दहाच्या सुमारास ते आले. मामा पुढं, नवी टोपी, मागं पाच माणसं. त्यातला एक मामाचा चुलत भाऊ सरकारी नोकरीत होता, इस्त्रीचा सदरा घालून. बाकी चौघं म्हातारे. मी ताट वाजवलं आणि ‘हूऽऽय’ केलं. गल्लीच्या रीतीप्रमाणं घराघरातून बायका धावत बाहेर आल्या, कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या हातात काठी, सगळ्यांची तोंडं आभाळाकडं. महबूबबी खाला झारा घेऊन आली होती. आभाळ मोकळं होतं. तोवर ती सहा माणसं बायकांच्या मधोमध येऊन पोचली होती आणि कुणीकडं जावं ते त्यांना कळेना.

माय दारातून बाहेर आली. ती बुटकी होती, मामाच्या खांद्याला लागायची.

“वर बघू नका,” ती बायकांना म्हणाली. “हिकडं बघा. ह्यो माजा भाऊ. माज्या लेकीचा गूळ खायला आलाय. लेक पंधराची हाय, शाळा सोडायची न्हाई म्हणायलीय. ह्येला इचारा, ह्यो कामून आलाय.”

गल्लीत या बायकांनी आपापल्या पोरी तेराव्या-चौदाव्या वर्षी दिल्या होत्या, काहींनी मामालाच दिल्या होत्या. त्या मायच्या बाजूच्या होत्या असं नाही. पण त्या बाहेर आलेल्या होत्या, हातात ताटं होती, आणि समोर नव्या टोपीतला माणूस होता. पहिल्यांदा महबूबबी खाला बोलली.

“कायकू रे दत्तू, बच्ची इस्कूल जाती तो तेरे पेट में कायकू दुखता?”

कुणीतरी हसलं. मग दुसरी एक, जिचं मायशी कुंपणावरून भांडण होतं ती, म्हणाली की नवरदेवाचे गुडघे दुखायलेत वाटतं, एवढी माणसं आधाराला घेऊन आलाय. मग सगळ्याच सुटल्या. मामा म्हणाला, आमच्या घरचा मामला आहे, तुम्ही आत जा. त्यावर एकीनं ताट वाजवलं. तो पुन्हा बोलायला लागला की दुसरी वाजवायची. त्याला एक वाक्य पुरं करता येईना. अप्पा ओसरीवर गुळाची ताटली घेऊन उभा होता. त्याला पुढंही येता येईना आणि ताटली खालीही ठेवता येईना.

तो इस्त्रीच्या सदऱ्याचा चुलत भाऊ पहिल्यांदा हलला. त्याला एका बाईनं विचारलं होतं, “तुमी सरकारी माणूस ना, नाव काय तुमचं?” तिनं ते अगदी साधेपणानं विचारलं असेल. तिला लग्नाच्या वयाचा कायदा ठाऊक नव्हता. त्याला होता. तो मामाला म्हणाला, पुन्हा बघू, आणि वळला. त्याच्या मागं म्हातारे वळले. पाचातलं एक माणूस उठलं की गूळ होत नाही. तेही रीतीतच बसतं.

मामा मात्र मायसमोर उभा राहिला. त्याचं तोंड लाल झालं होतं.

“आजपासनं तुला भाऊ न्हाई,” तो म्हणाला.

“बरं,” माय म्हणाली. “चहा ठेवलाय, पिऊन जा. साखरेचा हाय, गुळाचा न्हाई.”

बायकांनी त्याला गावच्या वेशीपर्यंत पोचवलं. मी माळवदावरून उतरून त्यांच्या मागं गेले आणि हात दुखेपर्यंत ताट बडवलं. एका बाईनं शेणाचा गोळा मारला, तो नव्या टोपीला लागला. तेवढं करायची गरज नव्हती हे मला आज कळतं. त्या दिवशी फार मजा आली. घरी आले तर अक्का वाड्यात बसून रडत होती, आणि ते रडणं आनंदाचं होतं की लाजेचं हे मी विचारलं नाही.

मामानं आपला शब्द पाळला. तो पुन्हा आमच्या दारात आला नाही आणि मायला माहेरही उरलं नाही. पंचमीला बाकीच्या बायकांचे भाऊ यायचे तेव्हा माय मुद्दाम रानात कामाला जायची. तिची आई वारली ते तिला तिसऱ्या दिवशी बाजारात कळलं. अप्पा महिनाभर तिच्याशी बोलला नाही. जेवण मात्र रोज मागायचा, माझ्यामार्फत. ताट उगाच वाजवल्याबद्दल गल्लीनं मायला काही म्हटलं नाही. पण सहा महिन्यांनी त्याच बायकांतल्या एकीनं आपली तेरा वर्षांची पोर दिली, आणि त्या लग्नात माय जेवून आली. मी विचारलं तर म्हणाली, तिची आई वरडली न्हाई, मी कशाला वरडू. अक्का दहावीला गणितात नापास झाली, दुसऱ्या खेपेला सुटली, पुढं अंगणवाडीत लागली. बाविसाव्या वर्षी तिचं लग्न झालं. तिची नवऱ्याशी रोज भांडणं होतात आणि त्यात ती सहसा हरत नाही.

माय गेली त्याला सहा वर्षं झाली. ती गेल्यावर ही गोष्ट मी नातेवाइकांत पुष्कळदा सांगितली, हसवून सांगितली. डॉक्टरांनी सांगितलेलं एक मात्र मी त्यात कधी घातलं नाही. हाकललेला शिकरा मरत नाही आणि उपाशीही राहत नाही. जिथं कुणी ओरडत नाही त्या अंगणात तो जाऊन बसतो.

मागच्या पावसाळ्यात दवाखान्यात एक बाई शेळी घेऊन आली. कास सुजून दगडासारखी झाली होती. कागदावर गाव लिहायला विचारलं तर म्हणाली, मेहकर. घरच्या माणसाचं नाव विचारलं तर तिनं मामाचं नाव सांगितलं. बाई माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल, पण दात गेलेले, हात मोळी वाहून वाकडे झालेले. मी कोण ते मी सांगितलं. तिनं माझ्याकडं जरा निरखून बघितलं. मालक आता खाटेवरच असतात, म्हणाली. मामाला हाकललं त्याच उन्हाळ्यात, पाऊस लागायच्या आत तिचं लग्न झालं होतं.

“तुमच्या गावच्या बायका लई वरडल्या म्हणं,” ती म्हणाली.

“व्हय.”

“ती पोरगी तुमीच का?”

“माझी अक्का.”

“शिकली का मग?”

“दहावी झाली.”

“बरं झालं. मी सातवीत व्हते.” ती शेळीच्या गळ्यातली दोरी सोडवत होती. “आमच्या गल्लीत कुणी वरडलं न्हाई.”

मी तिला औषध दिलं, कास दिवसातून तीनदा गरम पाण्यानं शेकायला सांगितलं, करडाला आठ दिवस पाजू नको म्हणून सांगितलं. तिनं ते दोनदा विचारून घेतलं. बाहेर टेम्पो उभा होता आणि शेळी चढेना. तिनं पुढून ओढलं, मी मागून ढकललं.